टोयोटाच्या गाड्या, क्वालिसपासून हायक्रॉसपर्यंत : अनुभव लिहा

मंडळी, "टोयोटा आहे, काही होत नाही" हे वाक्य ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि गाडीकडे बघायचं सोडतो. इंजिन तीन-चार लाख किलोमीटर सहज जातं, हे खरंच आहे. पण ज्यांच्या गाड्या तिथवर पोचल्या त्यांनी काय वेळेवर केलं, आणि ज्यांच्या मध्येच बसल्या त्यांचं काय राहून गेलं, हे एका जागी लिहिलेलं असावं म्हणून हा धागा. नुसतं "मस्त गाडी, बिनधास्त घ्या" नको. कोणतं मॉडेल, कोणतं इंजिन, काय बिघडतं, का बिघडतं आणि हातात पाना घेतल्यावर नेमकं काय करायचं, ते लिहा.

सुरुवात मागाची

इतिहास थोडक्यात, कारण त्याचा गाडीशी थेट संबंध आहे. साकिची टोयोडा हे मागांचे कारागीर. १९२४ साली त्यांनी तयार केलेल्या जी-टाइप स्वयंचलित मागाचं वैशिष्ट्य असं, की धागा तुटला तर माग आपोआप थांबायचा. खराब कापड पुढे विणलं जातच नसे. या मागाचं पेटंट १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना विकलं गेलं. १९३३ मध्ये मुलगा किइचिरो यांनी माग कारखान्यातच मोटारींचा विभाग काढला. १९३५ साली जी-१ ट्रक आला, १९३६ मध्ये एए ही पहिली प्रवासी गाडी बाजारात आली आणि १९३७ साली मोटार कंपनी वेगळी झाली. 'टोयोडा'चं 'टोयोटा' झालं ते त्याच सुमारास. जपानी काताकाना लिपीत 'दा'वरच्या दोन छोट्या रेघा काढल्या की नाव आठ फटकाऱ्यांत लिहून होतं, आणि आठ हा तिकडे शुभ आकडा. कारखान्याचं गाव होतं कोरोमो. १९५९ साली त्या गावाचंच नाव टोयोटा ठेवलं.

आपल्याकडचा धागाही मजेशीर जुळतो. बेळगावात १८८८ साली सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगराचा कारखाना उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याशी टोयोटाने १९९७ साली भागीदारी केली. बंगळूरजवळ बिडदीला कारखाना झाला. त्याआधीच दोघांचा यंत्रमागाचा संयुक्त कारखाना होता, म्हणजे इथेही माग आधी आणि मोटार नंतर!

छोटी भर

क्वालिस ही टोयोटाची भारतातली पहिली गाडी, असं बरेच जण समजतात, पण तसं नाही. ऐंशीच्या दशकात उत्तर प्रदेशात सुरजपूरला डीसीएम या भारतीय कंपनीच्या भागीदारीत डायना हा छोटा ट्रक बनत होता. तोच कारखाना पुढे देवू या कोरियन कंपनीकडे गेला.

क्वालिस (२००० ते २००५), सातारा

क्वालिस म्हणजे इंडोनेशियातली किजांग, आपल्या रस्त्यांसाठी डिझेल इंजिन घालून आणलेली. इंजिन टू-एल, २४४६ सीसी, ७५ पीएस (अश्वशक्ती), टर्बो नाही. सस्पेन्शन पुढे टॉर्शन बारचं, मागे पाट्यांचं. ओढ कमी आहे, पण जे आहे ते साध्या मिस्त्रीच्या हातातलं. आजही चालू गाड्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा प्लग. थंडीत सकाळी गाडी पांढरा धूर सोडत मिसिंग मारत सुरू होते आणि मिनिटभरात सुधारते, तेव्हा लोक थेट नोझल काढायला सांगतात. आधी चारही हीटर प्लग जोडणारी पट्टी सोडा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून टेस्ट लॅम्पची वायर घ्या आणि एकेका प्लगच्या टोकाला टेकवा. दिवा लागला तर प्लग चांगला, नाही लागला तर आतली कॉइल जळलेली. एक गेला असेल तरी चारही बदला, उरलेल्यांचं वयही तेवढंच असतं.

दुसरी गोष्ट अल्टरनेटर. या इंजिनात ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो आणि त्याला इंजिनचं ऑईल मिळतं. मधलं सील गेलं की ऑईल अल्टरनेटरमध्ये उतरतं, चार्जिंग बंद पडतं, आणि पंप झिजला असेल तर ब्रेक पेडल दगडासारखं कडक होतं. दोन तक्रारी एकदम आल्या तर ब्रेक बूस्टर बदलण्याआधी इथे बघा. नुसता अल्टरनेटर बांधून घेतला आणि सील जुनंच ठेवलं, तर तेच काम पुन्हा निघतं.

तिसरी आणि सगळ्यांत महाग पडणारी गोष्ट म्हणजे गरम होणं. हेड एकदा तापून वाकलं की पॅकिंग टिकत नाही. खंबाटकी चढताना काटा वर गेला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, बाजूला घेऊन इंजिन आयडलवर ठेवा. रेडिएटरचं झाकण उघडू नका. नंतर इंजिन बंद करून, गरम असतानाच, पंखा हाताने फिरवून बघा. थोडा अडखळत फिरला तर फॅन क्लच ठीक. मोकळा गरगर फिरला तर त्यातलं सिलिकॉन तेल गळून गेलंय. आयडलला हे कळत नाही, घाटातच कळतं.

इनोव्हा, टू-केडी इंजिन : गॅरेजच्या बाजूने

२००५ मध्ये क्वालिस ऐन मागणीत असताना बंद करून इनोव्हा आणली. २४९४ सीसी, कॉमन रेल, टर्बो, १०२ पीएस. गॅरेजला येणाऱ्या बहुतेक तक्रारी चार ठिकाणी जातात.

टायमिंग बेल्ट. या इंजिनाला चेन नाही. बेल्टचे किलोमीटर भरले की मीटरमध्ये 'टी-बेल्ट' दिवा लागतो. तुटेपर्यंत बेल्ट आवाज करत नाही, काही खूण देत नाही. तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला भिडतात, रॉकर आर्म मोडतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर पुली नवीन घालाच. जुन्या पुलीचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही तुटतो. वॉटर पंप मात्र बाहेरच्या बेल्टवर चालतो, त्यामुळे टायमिंगच्या नावाखाली तो बदलायची सक्ती नाही. हातासरशी गळती बघून घ्या.

एससीव्ही, म्हणजे हाय प्रेशर पंपावरचा डिझेल मोजून सोडणारा व्हॉल्व्ह. आयडलला आरपीएम वरखाली होतं, सिग्नलला वेग कमी करताना गाडी बंद पडते, गरम झाल्यावर लवकर सुरू होत नाही. अशा वेळी पंपच बदलायचा खर्च सांगितला जातो. आधी हा व्हॉल्व्ह बघा. पंपाभोवतीची जागा स्वच्छ पुसा, कनेक्टर काढा, दोन बोल्ट सोडा, नव्याची ओ-रिंग डिझेलने ओली करून बसवा. नंतर स्कॅनरवर पंपाचं लर्निंग करून घ्या, नाहीतर नवा व्हॉल्व्हही जुन्या हिशोबाने चालतो. हे बिघडण्याचं मूळ बहुधा घाण डिझेल किंवा उशिरा बदललेला फिल्टर.

इंजेक्टर. इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि स्कॅनरवर चारही सिलिंडरचे फीडबॅक आकडे वाचा. अधिक-उणे तीनच्या आत असले तर काळजी नको. एखादा सतत बाहेर जात असेल तर तोच इंजेक्टर काढून तपासा, चारही सरसकट नकोत. बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवीन. जुना वॉशर परत घातला तर ज्वलनाचा गॅस वर येतो, ऑईलमध्ये काजळी जाते आणि ऑईल पंपाची जाळी चोंदते. त्यानंतर जे होतं ते इंजिनच्या किमतीचं असतं. नव्या इंजेक्टरवर कोरलेला कोड ईसीयूत (इंजिनच्या संगणकात) भरायला विसरू नका. "खडखड वाढली" म्हणून परत येणाऱ्या गाड्यांत बऱ्याचदा कोडच भरलेला नसतो.

चौथं म्हणजे ईजीआर (जळलेला थोडा गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेक (हवा आत जायचा मार्ग). शहरात हळूहळू चालणाऱ्या गाडीत काजळी आणि ऑईलची वाफ मिळून डांबरासारखा थर धरतो. पिकअप कमी, काळा धूर. मॅनिफोल्ड उतरवून साफ करा. ईजीआरला पत्रा लावून बंद करणं चुकीचं आहे, पीयूसीलाही आणि इंजिनलाही.

वरच्या बेल्टच्या मुद्द्याला धरून : जुनी इनोव्हा घेणाऱ्यांसाठी

टी-बेल्टचा दिवा बेल्ट बदलल्याने विझत नाही, तो मीटरच्या बटणाने रिसेट करावा लागतो. म्हणजे बेल्ट न बदलताही तो विझवता येतो! तेव्हा "दिवा नाही, बेल्ट नवा" हे मान्य करू नका. बिल मागा. बिलात बेल्टबरोबर टेन्शनर आहे का, किलोमीटर लिहिलेत का ते बघा. काहीच कागद नसेल तर बेल्ट जुना धरा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करा.

बऱ्याच गाड्या आधी पिवळ्या पाटीवर चाललेल्या असतात. आरसीवरची नोंद बघाच, पण हातानेही कळतं. ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बसलेली, क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, मधल्या दाराच्या उंबऱ्याचा रंग उडालेला, आणि मीटरवर ऐंशी हजार? गाडी सोडून द्या. पुढच्या खालच्या बॉल जॉइंटचं रबर फाटलं असेल तर आत पाणी-माती जाऊन तो झिजतो, आणि निसटला तर चाक आडवं पडतं. लोअर आर्मखाली जॅक लावून चाक उचला, टायरखाली पहार घालून वर रेटा. खट् आवाज किंवा ढिलाई जाणवली तर लगेच बदला.

किनाऱ्यावरच्या गाड्या : मालवण-वेंगुर्ला-गोवा

इथे इंजिनच्या आधी चासी जाते. लॅडर चासीची पेटी आतून पोकळ असते, मातीने तिची पाणी जायची भोकं बुजली की खारं पाणी आतच राहतं. दसऱ्याच्या आसपास गाडी लिफ्टवर घ्या, तारेने ती भोकं मोकळी करा आणि आत मेणासारखं गंजरोधक फवारा. बाहेरून काळा डांबरी कोट मारताना आधी गंज खरवडा. गंजावर कोट मारला तर तो खालून खातच राहतो, फक्त दिसत नाही. मागच्या एसीचे ॲल्युमिनियमचे पाइप गाडीखालून जातात, क्लॅम्पजवळ पांढरी पूड दिसली तर गॅस भरण्याआधी पाइप बदला.

पावसाळ्यात डिझेलमधलं पाणी हा दुसरा त्रास. फिल्टरचा दिवा लागला की भांडं खाली ठेवा, फिल्टरच्या बुडाचा नळ दोनेक आटे सैल करा, वरचा हातपंप दाबत राहा. आधी पाणी येईल, मग गढूळ, मग स्वच्छ डिझेल. नळ बंद करून पंप घट्ट लागेपर्यंत दाबा, नाहीतर एअर राहते आणि गाडी सुरू होऊन बंद पडते.

क्रिस्टा

इनोव्हाची पुढची पिढी, २०१६ची. डिझेल २.४ (२३९३ सीसी, १५० पीएस) आणि २.८ (२७५५ सीसी, १७४ पीएस), दोन्हींना चेन आहे, त्यामुळे बेल्टचा विषय संपला. त्याबदल्यात ऑईलची शिस्त वाढली, कारण चेन आणि तिचा टेन्शनर ऑईलवरच जगतात. बीएस-६ गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे. रोज दोन-तीन किलोमीटरची फेरी असेल तर ती गाडी डिझेल घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत. घेतली असेल तर अधूनमधून हायवेवर अर्धा तास सलग एका वेगात चालवा, म्हणजे काजळी जळते. जळण्याचं काम अर्ध्यात तुटत राहिलं तर जास्तीचं डिझेल ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑईलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ऑईल बदला. ऑईल कमी राखेचंच हवं, साध्या डिझेल ऑईलची राख डीपीएफमध्ये कायमची बसते.

कूलंट गुलाबी येतं. पहिल्यांदा १,६०,००० किलोमीटरला आणि मग दर ८०,०००ला बदलायचं. हिरवं मिसळू नका, नळाचं पाणी तर नकोच.

हायक्रॉस हायब्रिड, पुणे

इनोव्हा नाव असलं तरी गाडी वेगळी : खाली वेगळी लॅडर चासी नाही, ओढ पुढच्या चाकांना. पाठीमागे सामान आणि माणसं भरून ओल्या मातीच्या चढावर पुढची चाकं घसरतात. क्रिस्टाचं उलट, ती रिकामी असताना मागची फिरतात. गावच्या घराला शेवटचा चढ कच्चा असेल तर घेण्याआधी भरलेल्या गाडीने तो चढून बघा.

मोठ्या बॅटरीला लोक घाबरतात, प्रत्यक्षात अडवते ती १२ व्होल्टची छोटी. ती उतरली की मीटरवर 'रेडी' येत नाही आणि गाडी जागची हलत नाही. गाडीत बसून गाणी ऐकायची असतील तर 'रेडी'वर ठेवा, नुसत्या 'ऑन'वर नको. हायब्रिड बॅटरीला हवा जाते ती जाळी सीटजवळ असते. तिच्यावर पिशव्या, चादरी ठेवू नका, आणि सर्व्हिसला ती साफ केली का ते विचारा. इन्व्हर्टरच्या कूलंटची टाकी इंजिनपेक्षा वेगळी आहे, दोन्ही बघा. उच्च दाबाच्या नारिंगी वायरला हात लावायचा नाही.

ग्लान्झा, हायरायडर

सुझुकीबरोबरच्या कराराच्या गाड्या. ग्लान्झा म्हणजे बलेनो, त्यामुळे फिल्टर, ब्रेक पॅड, वायपर तिच्याच पार्ट नंबरने शोधा, बाजारात सहज मिळतात. या धाग्यातलं इंजिनविषयीचं काहीही तिला लागू नाही.

इनोव्हाचा (टू-केडी) टायमिंग बेल्ट स्वतः बसवणाऱ्या मिस्त्रींसाठी

हायड्रॉलिक टेन्शनर व्हाइसमध्ये उभा धरून अगदी हळू दाबा. झटक्याने दाबला तर आतलं सील फाटतं. भोकं समोरासमोर आली की बारीक ॲलन की पिन म्हणून घाला. बेल्ट चढवा, खुणा जुळवा, टेन्शनर आवळा, मगच पिन ओढा. त्यानंतर स्टार्टर मारायचा नाही. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या फिरण्याच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा परत बघा. फिरवताना कडक अडलं तर जोर न लावता थांबा, बहुधा बेल्ट चुकीच्या दातावर बसलाय. खुणा जुळल्या की कव्हरच्या आतल्या बाजूला तारीख आणि किलोमीटर मार्करने लिहून कव्हर लावा.