अनुभव धागा : तुमच्या गावची बंद पडलेली टॉकीज

रिकामी_खुर्ची :
काल औरंगाबादला (संभाजीनगर म्हणा, जीभ वळत नाही अजून) गेलतो तर आमची लहानपणीची टॉकीज पाडायलेत. पुढची भिंत गेली अन् बाल्कनी तशीच अधांतरी. खाली एक खांब नाही, ही डोक्यावर पडली तर, म्हणून लहानपणी मी कायम पुढच्या रांगेत बसायचो. आता सळया उघड्या पडल्यावर दिसलं, बीम सगळे मागून भिंतीतूनच काढलेले. लिहा राव तुमच्याबी टॉकीजचं.

डबल_रीळ :
वडील ऑपरेटर होते. केबिनमधे दोन मशीन, 2000 फुटाचं रीळ बावीस मिनिटात संपणार, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका आला की दुसरं मशीन चालू, परत ठिपका की बदली. उजेड कार्बनच्या कांड्यांचा, त्या जळून आखूड व्हायच्या तशा बाबा काळ्या काचेतून बघत जवळ सरकवायचे. उरलेले तुकडे आम्ही फरशीवर रेघोट्या मारायला आणायचो. अजून पिक्चर बघताना माझी नजर कोपऱ्यात, बायको म्हणते काय बघायलात तिकडं

परभणीची_पोर :
बाल्कनी कुठली आम्हाला, पत्र्याची टॉकीज. पाऊस आला की डायलॉग बंद 😂 बायांचं वेगळं, मधी पडदा, लेकरू रडलं की पुरुषांकडून ओरडायचे "पाज की गं त्याला"

जुनं_खोड :
आमचे आजोबा तिकिटाचे पैसे हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात सांगायचे. 1948 पर्यंत निजामच होता ना इकडं.

सोडाबाटली :
पिक्चर एकबी आठवत नाही, इंटरवलचा गोळीसोडा आठवतो

रिकामी_खुर्ची :
डबल_रीळ, भिंतीला ते भोकाभोकाचं पुठ्ठ्यासारखं काय असायचं हो? मी बोट घालून घालून एक भोक पार मोठं केलतं

डबल_रीळ :
म्हणजे ते तुम्ही होय! आवाज घुमू नये म्हणून असायचं ते, उसाच्या चिपाडाचा बोर्ड यायचा तसला. अन् माणसंबी आवाज पितात, म्हणून हाऊसफुलला बाबा आवाज वाढवायचे, मॅटिनीला दहा टाळकी असली की कमी.

परभणीची_पोर :
सोडाबाटली, तुम्ही परभणीचे का? स्टेशनकडचा सोडा का?

सोडाबाटली :
नाही ओ, जालन्याचा. गोळी काढायला बाटली फोडली म्हणून मार खाल्लाय

परभणीची_पोर :
निघाली का पण गोळी?