आयएमपी सिम्युलेटरवर चालवून काय मिळणार? जिंतूरकर काकांना उत्तर

पैठणगेट:
काल काकांनी लिहिलं की कॉलेजच्या पोरांना १९६९ची मशीन, म्हणजे आयएमपी (इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटचा, आजच्या राउटरसारखं पॅकेट पुढं ढकलणारा संगणक), सिम्युलेटरवर चालवायला सांगणं म्हणजे मेलेल्या म्हशीला मणभर दूध, त्यापेक्षा क्लाउड शिकवा, नोकरी लागेल. वाचल्यापासून डोकं तापलंय म्हणून सविस्तर लिहितो.

मी आठवडाभर हेच करायलोय. जुना लॅपटॉप, त्यावर सिमएच हा जुन्या मशीनींची नक्कल करणारा प्रोग्राम, त्यात हनीवेल ३१६ ही मशीन आणि आयएमपीचा खरा कोड. खरा म्हणजे आयएमपी बनवणाऱ्या बीबीएन कंपनीच्या लोकांनी अर्पानेटसाठी लिहिलेलाच, कागदावर छापलेल्या कोडवरून (लिस्टिंग) परत उभा केलेला. दोन खिडक्या उघडल्या, दोन आयएमपी. तेव्हा मधे ५० किलोबिटची भाड्याची टेलिफोन लाइन असायची, इथं तेच यूडीपीवरून, म्हणजे आजच्या नेटवर्कच्या साध्या पॅकेटांतून जातं. पहिले दोन तास लाइन वर येईचना. दोन्ही खिडक्यांत एकच पोर्ट दिला होता, ह्याचा जाण्याचा तो त्याचा येण्याचा पाहिजे एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरेपर्यंत रात्रीचा एक वाजला. मग जोडली, आणि मी मुद्दाम एक खिडकी बंद केली. दुसरा हॅलो पाठवत राहिला, उत्तर येईना म्हटल्यावर लाइन मेली असं त्याचं त्यानंच ठरवलं. आणि हे सगळं १६ बिटच्या १२ के शब्दांत, म्हणजे २४ केबीत. तुमच्या ग्रुपवरचा सुप्रभातचा फोटो ह्याच्यापेक्षा मोठा असतो काका. मेलेली म्हैस नका म्हणू.

जिंतूरकर:
तू खिडकी बंद केलीस म्हणतो, मशीन बंद पाडली नाहीस. त्यात फरक आहे. आयएमपी चारशे किलोच्या आसपासचं कपाट होतं, त्याला वीज लागायची, ते तापायचं. तुझ्या लॅपटॉपमध्ये ह्यातलं काय आलं?

मी १९९४ला परभणीकडच्या एका कॉलेजात लॅब सांभाळायचो. नॉव्हेल कंपनीच्या सॉफ्टवेअरचा एक सर्व्हर, बारा नोड म्हणजे संगणक, सगळे एकाच कोॲक्स वायरीवर (टीव्हीच्या केबलसारखी). दोन टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे वायरीचं टोक बंद करणाऱ्या टोप्या. एका पोराच्या पायानं टी-कनेक्टर (वायर संगणकाला जोडणारा टी आकाराचा जोड) हलला की बाराच्या बारा बंद. मग मी गुडघ्यावर बसून एकेक टेबलाखालचा जोड हलवून बघायचो, मल्टिमीटर लावायचो, टी संगणकाच्या कार्डावरून काढून, वायरी तशाच ठेवून त्यात बघितलं की दोन्ही टर्मिनेटर शाबूत असतील तर २५ ओहम दिसायला पाहिजे, ५० दिसले की एक टोक गेलं. त्यात दिवसाला सहा तास लाइट नाही, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी मीच टाकायचो. ते नेटवर्क. ते हाताला कळायचं. यूडीपीवर काय कळणार, तिथं लाइनवर कचराच येत नाही.

लातूरची_लेक:
काका तुमचं बरोबर आहे पण तुम्ही मूळ दुखणं सोडून बोलायलात. पोरांना ना तुमचा मल्टिमीटर मिळतो ना दादाचा सिम्युलेटर. माझ्या वायवाला एक्स्टर्नलनं विचारलं नेटवर्कचे सात लेयर सांग, मी घडाघडा सांगितले, पैकीच्या पैकी. पॅकेट हरवलं तर कोण परत पाठवतं हे कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मला आलं नसतं. आपल्याकडं मार्कांचा कारखाना आहे, आणि मी त्यातूनच निघालेय. आयएमपीत एक मेसेज पोचला की पलीकडून आरएफएनएम (रेडी फॉर नेक्स्ट मेसेज) येतो, "पुढचा पाठव" म्हणून. हे मला दादाच्या मागच्या पोस्टवरून कळलं, डिग्री झाल्यावर चार वर्षांनी. ह्याचा राग येतो मला.

नांदेडवाला:
काकांचा एक मुद्दा मी उचलून धरतो. २७ ऑक्टोबर १९८०ला अर्पानेट काही तास आडवं झालं ते मेमरीत बिट पडल्यामुळं, म्हणजे १चा ० झाल्यामुळं. एका आयएमपीच्या स्टेटस मेसेजचे सहा बिटचे क्रमांक ४४, ४०, ८ असे तीन झाले. आकडे घड्याळासारखे गोल फिरणारे, ६३ नंतर परत ०, म्हणून ८पेक्षा ४० नवा, ४०पेक्षा ४४ नवा, आणि ४४पेक्षा परत ८ नवा. तिघं एकमेकाला ढकलत सगळीकडं फिरत राहिले, एखादी मशीन बंद करून चालू केली तरी शेजारी तेच परत हातात द्यायचा. असा बिट सिमएचमध्ये आपणहून कधी पडणार आहे का? नाही.

आणि अजून एक, पोरं जिथं तिथं लिहितात की पहिल्याच दिवशी, २९ ऑक्टोबर १९६९ला, लॉगिन हा शब्द पाठवताना "एल ओ" एवढं गेलं आणि आयएमपी बंद पडला. चूक आहे. कोसळली ती एसआरआय ह्या संशोधन संस्थेची होस्ट मशीन, म्हणजे आयएमपीला जोडलेला मोठा संगणक. आयएमपी ठीक होते.

पैठणगेट:
नांदेडवाले भाऊ, हे तुम्हाला कशामुळं कळलं? वाचून. आणि मला पटलं कशामुळं? ते तीन आकडे आत्ता वहीवर मांडून बघितले म्हणून. बिट पडायची वाट कशाला बघायची, सिमएचमध्ये मशीन थांबवून मेमरीतला शब्द हातानं बदलता येतो. खऱ्या कपाटावर कोणता लॅब असिस्टंट मला हे करू देणार होता? आमच्या लॅबला तर कुलूप असायचं, दारात चपला काढायच्या आणि लांबून बघायचं. काका, तुम्हीसुद्धा पोरांना हात लावू दिला नसेल.

जिंतूरकर:
तोंड सांभाळून बोल. मी एकट्यानं ती लॅब नऊ वर्षं जिवंत ठेवली. हात लावू दिला नाही कारण एक टर्मिनेटर हरवला तर दुसरा पुण्याहून यायला पंधरा दिवस. तुझ्यासारख्याला दोन तास पोर्ट चुकवायची मुभा आहे, मला नव्हती.

आणि त्या लॅबचं काय झालं ते ऐक. २००३ला मला न विचारता सगळं भंगारात, किलोवर. सर्व्हर गेला, कार्डं गेली, एवढंच नाही, मॅन्युअलसुद्धा रद्दीत. मी दोन दिवस रजेवर होतो, परत आलो तर भिंतीवर नुसते खिळे. टेम्पोच्या मागं गंगाखेड रोडपर्यंत गेलो मी. मिळालं नाही.

लातूरची_लेक:
काका, हे वाचून पोटात कालवलं. आमच्या डिपार्टमेंटला पण असंच झालं, डेडस्टॉकचं रजिस्टर क्लिअर करायचं म्हणून.

बालाघाट_९:
सगळीकडं हेच. डेडस्टॉकात एक खुर्ची कमी दाखवली तर चौकशी लागते, आणि चालू मशीन भंगारात गेली तर कुणी विचारत नाही. आमच्या अंबाजोगाईला तर पंच्ड कार्डांचे गठ्ठे दिवाळीला चुलीत गेले, माझ्या आज्यानं बघितलंय.

पैठणगेट:
काका, आवाज चढला माझा, माफ करा. पण तुम्ही आत्ता जे लिहिलं तेच माझं म्हणणं आहे. आयएमपी आज चालतोय कारण बीबीएनच्या जुन्या लोकांनी ती लिस्टिंग रद्दीत जाऊ दिली नाही. तुमच्या लॅबचा एक कागद तरी उरला का?

जिंतूरकर:
वायरिंगची वही आहे. कोणता नोड कुठं, कोणता जोड कधी बदलला, तारखेसकट. घरी आणली होती म्हणून वाचली.

सिम्युलेटरबद्दल माझं मत तेच आहे, हाताला कळल्याशिवाय शिकणं नाही. फक्त मेमरीतला शब्द बदलता येतो म्हणतोस ते मला माहीत नव्हतं. तेवढं कबूल.

नांदेडवाला:
काका, वही स्कॅन करा. ती गेली तर परभणीत कोॲक्स होती हे सुद्धा कुणी मानणार नाही.

जिंतूरकर:
काढली आत्ता माळ्यावरून. पहिलं पान फाटलंय, बाकी अक्षर वाचता येतं. स्कॅनर नाही, रविवारी उजेडात मोबाईलवर फोटो काढतो. पैठणगेट, तू तेवढं नोड ७चं पान नीट बघ, तिथं मी दोनदा टर्मिनेटर बदललाय आणि का बदलला ते मला अजून कळलेलं नाही.