गिरणेचा वाळूघाट आणि गावची पाण्याची विहीर: ग्रामसभेत काय मांडू?

गिरणाकाठ:

नमस्कार मंडळी. मी गिरणाकाठच्या एका गावचा शेतकरी. दोन एकर केळी, बाकी कपाशी. यंदा ग्रामपंचायतीत सदस्य आहे. गावालगतच्या पात्रातला वाळूघाट, म्हणजे वाळू उपसायला आखलेला पट्टा, लिलावाच्या यादीत आलाय. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे आणि मला तिथे नीट बोलायचंय, म्हणून विचारतो.

आमची पाणीपुरवठ्याची विहीर नदीपात्रातच आहे. माझ्या लहानपणी तिच्या सिमेंटच्या दोनच कड्या वाळूच्या वर दिसायच्या, आम्ही पोरं त्यावर बसून पाय हलवायचो. आज आठ कड्या उघड्या आहेत. पात्रात ती चिमणीसारखी उभी दिसते. मोटार बघायला वर जायचं तर लोखंडी शिडी लावावी लागते. विहिरीपासून गावाकडे गेलेली पाइपलाइन वाळूत पुरलेली होती, ती आता अधांतरी आहे, खाली दगडांच्या थप्प्या लावून टेकवलीय. वाळू गेली तिथे पांढरट चोपण आणि वेडी बाभूळ. आजी जिथे हाताने झिरा खणून वाटीने हंडा भरायची, तिथे आता पहार लावली तरी ओल लागत नाही. टरबूज-काकडीच्या वाड्याही बंद झाल्या.

पण सरळ "घाट नको" म्हणणंही मला जमत नाही. गावात अकरा ट्रॅक्टर वाळूवर चालतात, त्यातले दोन माझ्या चुलतभावांचे. घरकुलं मंजूर झालेल्यांना शासनाच्या नव्या धोरणात ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळणार आहे. ती कुठून तरी येणारच ना?

यादीत आमच्या घाटासमोर ५,००० ब्रास लिहिलंय. तालुक्याच्या कार्यालयात जाऊन विचारलं, हा आकडा कसा काढला? उत्तर मिळालं, "मागच्या वेळी होता तोच आहे." तेव्हापासून डोक्यात हेच फिरतंय. नदीतून किती काढायचं हे कुणी आणि कशावरून ठरवायचं असतं? जाणकारांनी सांगावं.

भूजल_निवृत्त:

दादा, तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. मी भूजल खात्यात ३१ वर्षं काढली, नोकरीचा बराच काळ तापी खोऱ्यात गेला.

नदीतून दरवर्षी तेवढीच वाळू काढावी जेवढी पावसाळ्यात परत येते, तीही सगळी नाही. ते कळण्यासाठी पात्राची मोजणी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा करायची. दोन्हींतल्या फरकाला पुनर्भरण म्हणतात. "मागच्या वेळी होता तोच" हा आकडा मोजणीतून आलेलाच नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात हेच म्हटलंय: पुनर्भरणाचा अभ्यास नसलेल्या जिल्हा सर्वेक्षण अहवालाच्या (जिल्ह्यात वाळू कुठे आणि किती आहे याच्या सरकारी नोंदीच्या) आधारावर वाळूला पर्यावरण मंजुरी देता येत नाही.

आता गिरणेचं बघा. धरण १९६९ चं. वरून येणारी भरड वाळू धरणाच्या पोटात बसते, खाली सुटतं ते निवळ पाणी. अशा पाण्यात वाहून न्यायची ताकद असते पण सोबत ओझं नसतं, म्हणून ते खालच्या पात्रातलीच वाळू उचलत जातं. तुमच्या गावाला नवी वाळू मिळते ती फक्त धरणाखालच्या उपनद्या आणि नाल्यांतून. धरणाआधीच्या काळात जेवढी वाळू दिसायची ती शेकडो वर्षांची साठवण होती. तिला वार्षिक उत्पन्न समजून आपण खर्च करत आलो.

ग्रामसभेत एक हिशेब मांडा, लोकांना लगेच कळतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. ५,००० ब्रास म्हणजे १४,१५० घनमीटर. भरड वाळू आपल्या आकारमानाच्या साधारण पाचवा हिस्सा पाणी धरते आणि विहिरीला सोडते. म्हणजे सुमारे २८ लाख लिटर. तुमचं गाव ३,००० वस्तीचं धरलं आणि माणशी रोज ५५ लिटर, तर १७ दिवसांचं पाणी. तेही एका भरण्याचं. धरणातून आवर्तन (ठरल्या वेळी सोडलेलं पाणी) सुटलं की हीच टाकी पुन्हा भरते. वाळू गेली की आवर्तन सुटूनही पाणी थांबत नाही, खडकावरून पुढे निघून जातं. गिरणेवर बलून बंधारे (हवेने फुगवायचे रबरी बंधारे) व्हावेत म्हणून आपण इतकी वर्षं मागणी करतोय, आणि पाणी अडवणारी ही वाळू मात्र ट्रॉलीने बाहेर पाठवतोय, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या कामाची गोष्ट आता सांगतो. केंद्राच्या २०१६ च्या वाळू मार्गदर्शक सूचनांत पूल आणि सार्वजनिक बांधकामांपासून अंतर राखायला सांगितलंय. त्यात पाणी उचलण्याची ठिकाणंही स्पष्ट धरली आहेत. वरच्या बाजूला किमान २५० मीटर, खालच्या बाजूला किमान ५०० मीटर. खालच्या बाजूला जास्त का, तर पात्रातला खड्डा जागेवर राहत नाही. पूर आला की खड्ड्याची वरची कड ढासळते, मग तिच्या मागची, असा तो उगमाच्या दिशेने सरकत विहिरीपर्यंत पोचतो. तुमच्या कड्या उघड्या पडल्या त्या बहुधा अशाच. विहिरीजवळ कुणी फावडं मारलं नसेलही.

तेव्हा घाटाचे अक्षांश-रेखांश मिळवा. ते जिल्हा सर्वेक्षण अहवालात सापडतील. हा अहवाल दर पाच वर्षांनी नवा करायचा असतो आणि अंतिम करण्याआधी मसुदा २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी ठेवावा लागतो. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर बघा.

तीन_ट्रॉली:

मी एरंडोल भागातला, माझा स्वतःचा ट्रॅक्टर वाळूवर चालतो. इथे शिव्या पडतील हे माहीत असून लिहितोय.

काकांचं सगळं पटलं. फक्त एक लक्षात घ्या, ट्रॅक्टर आणि पोकलेन एकाच तागडीत तोलू नका. चार माणसं फावड्याने एक ट्रॉली भरायला अर्धा-पाऊण तास घेतात. पाणी लागलं की फावडं आपोआप थांबतं, चिखल कोण उपसणार? पोकलेनला पाण्याची फिकीर नाही, आणि सक्शन पंप तर पाण्याखालूनच ओढतो. मोठा ठेकेदार घाट घेतो, हायवांची, म्हणजे मोठ्या डंपरची, रांग लागते, दोन महिन्यांत वर्षाचा माल जातो आणि गावच्या ट्रॅक्टरवाल्याला चोर ठरवून दंड भरायला उभं करतात. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लागतो. मी एकदा भरलाय, बायकोची पोत गहाण ठेवून. चूक माझी होती, पावती नव्हती.

मला कायम वाटतं, मोजून काढा, दिवसा काढा, गावच्या माणसांकडून काढा. मग पोरांना रात्री नदीत उतरावं लागणार नाही. आमच्या शेजारच्या गावात रात्री कपार अंगावर कोसळून एक पोरगा गेला. १९ वर्षांचा.

साइट_सुपरवायझर:

घरकुलांच्या प्रश्नावर लिहितो. मी जळगाव-धुळे पट्ट्यात बांधकामावर आहे. स्लॅब, कॉलम, जोता यांना नदीची वाळू लागतेच असं आता राहिलेलं नाही. आपल्याकडे काळा पाषाण भरपूर आहे, त्यापासून केलेली कृत्रिम वाळू काँक्रीटला चांगली चालते. आयएस ३८३ या मानकाने २०१६ मध्ये तिला रीतसर जागा दिली. राज्याने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आणलं, तिचं स्वामित्वधन ब्रासमागे ६०० वरून २०० रुपये केलं आणि सरकारी कामांत ती काही प्रमाणात वापरायला सांगितलं.

लोक नाक मुरडतात ते "क्रशची भुकटी" वाळू म्हणून खपवल्यामुळे. साधी खडी फोडताना पडणारा चुरा वेगळा आणि दाणा गोल करणाऱ्या मशिनातून काढून धुतलेली वाळू वेगळी. मूठभर हातात घेऊन चोळा. सुया टोचल्यासारखं वाटलं आणि तळहात पिठासारखा पांढुरका झाला, तर गाडी परत पाठवा. मानकात ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक माल कृत्रिम वाळूत १५ टक्क्यांपर्यंत चालतो, नैसर्गिक वाळूत ३ टक्केच. बारीक प्लास्टरला अजूनही गवंडी नदीची मागतात, त्यांचं अगदीच चुकीचं नाही. म्हणून म्हणतो, ५ ब्रासमधली दीड-दोन ब्रास नदीची ठेवा, बाकी कृत्रिम मागा. टेकडी फोडूनच तीही येते, हे मात्र विसरू नका. खाणीच्या धुळीत राहणारेही कुणाचे तरी गाववाले आहेत.

डिचोलीची:

मी गोव्यातली. आमच्याकडे वाळू नाही, लोखंडाचं खनिज. चीनची मागणी वाढली तेव्हा वर्षाला चार कोटी टनांहून जास्त माल बाहेर जायचा. आमच्या वाड्यावरच्या विहिरीत तेव्हा मार्चमध्येच तळ दिसायचा, कारण बाजूची खाण विहिरीपेक्षा खोल गेली होती आणि तिथे दिवसरात्र पाणी उपसत. पहिल्या पावसात डंपचा, म्हणजे खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगाचा, लाल चिखल शेतात उतरायचा, भात त्याखाली गुदमरायचं.

२०१२ मध्ये सगळं बंद झालं. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितलं, पुढच्या पिढ्यांसाठी. यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. जमिनीतला माल विकणं म्हणजे वडिलोपार्जित शेत विकणं. ते पैसे सणावारात उडवले तर नातवाला शेतही नाही आणि पैसाही नाही. दादा, तुमच्या घाटाचे पैसे गावात कुठे दिसतात का? जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत (खाणवाल्यांकडून खाणबाधित भागासाठी जमा होणाऱ्या पैशांत) पिण्याचं पाणी अग्रक्रमाच्या कामांत आहे. तुमची ती अधांतरी पाइपलाइन तिथून मागून बघा.

गिरणाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

अहवाल संकेतस्थळावर मिळाला. घाटाच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश होते. मोबाइलवर बिंदू टाकले आणि रविवारी सकाळी टेप घेऊन पात्रात उतरलो. टेपचं दुसरं टोक चुलतभावाने धरलं होतं, मी न बोलावता आला. विहिरीपासून खालच्या अंगाला घाटाची हद्द १९० मीटरवर सुरू होते. ५०० पाहिजे. तीनदा मोजलं.

ग्रामसभेत काकांचा १७ दिवसांचा हिशेब मी फळ्यावर खडूने लिहिला. बायका मागे बसल्या होत्या, त्यातल्या एक मावशी उठून म्हणाल्या, "मे महिन्यात टँकर आठ दिवसांनी येतो, सतरा दिवस कोण देणार?" त्यानंतर फार चर्चा झाली नाही. ठराव असा झाला: विहिरीच्या वर २५० आणि खाली ५०० मीटर सोडून हद्द नव्याने आखावी, पुनर्भरण मोजल्याशिवाय ब्रासचा आकडा ठरवू नये, उपसा हाताने आणि दिवसा व्हावा, गावच्या ट्रॅक्टरांना आधी वाव द्यावा. घरकुलवाल्यांसाठी कृत्रिम वाळूची मागणी वेगळ्या अर्जात केली. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घेतली आहे.

आणि मोजणी आम्ही सुरूही केली. गवंड्याची लेव्हल नळी घेतली, महादेवाच्या घाटाची खालची पायरी शून्य धरली आणि दर ५० मीटरवर काठापासून काठापर्यंत दोरी बांधून पात्राची खोली वहीत उतरवली. सात ओळी झाल्या. १० जूनपासून पावसाळ्याची उपसाबंदी लागेल. ती ३० सप्टेंबरला उठली की त्याच सात जागी पुन्हा दोरी बांधू. काका, तेव्हा आकडे इथे टाकतो, बघून सांगा.