जुन्या कॉन्टेसाचा डॅशबोर्ड तडकलाय, भरून घ्यावा की रेक्झिन चढवावं?

नेरुळची_कॉन्टेसा:
बाबांची १९९४ची कॉन्टेसा आता मी चालवते. आमची सिडकोची बिल्डिंग, पार्किंग उघड्यावर, दुपारभर ऊन थेट काचेवर. डॅशबोर्डला काचेलगत लांब भेग गेलीय, मीटरच्या वर आणखी दोन. कडा भाजलेल्या पापडासारख्या वर वळल्यात आणि आतून पिवळा भुगा पडतो. एक जण म्हणतो, एम-सील भरून काळा रंग मारून देतो. या गाडीचं उत्पादन २००२लाच बंद झालं, नवा डॅशबोर्ड कुठून आणणार? बाबा शेजारी बसले की त्यांचा हात आधी त्या भेगेवर जातो. काम नीटच व्हायला हवं.

कोपरीकर:
कार्पेटची मॅट टाका. माझ्या गाडीवर आहे, ऊनही अडतं. फक्त काचेकडच्या हवेच्या फटी कापून मोकळ्या ठेवा, नाहीतर पावसात काच धुरकटते.

कुशनवाला_वागळे:
ताई, एम-सील भरू देऊ नका. ते सुकलं की कडक होतं, आणि व्हिनाइल रोज उन्हात फुगतं, रात्री आकसतं. पुढच्या मे महिन्यात त्याच्या दोन्ही कडांना नवी भेग दिसेल. फेविक्विकचंही तेच.

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, ते मुळात कडकच. त्याला मऊ ठेवायला त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं, ते उन्हाने हळूहळू उडून जातं. काचेला आतून तेलकट थर बसतो ना, त्यात तेही असतं. ते गेलं की वरची कातडी आकसते आणि जिथे ऊन जास्त तिथे फाटते. म्हणून वर आलेल्या कडा दाबून चिकटवायच्या भानगडीत पडू नका, त्या आता एकमेकींना पुरतच नाहीत.

आधी कातडीखालचा फोम बघा. भेगेपासून चार बोटं लांब अंगठ्याने दाबा. सोडल्यावर वर आला तर फोम चांगला आहे. खड्डा राहिला, करकरला, तर संपला.

फोम चांगला असेल तर वळलेल्या कडा ब्लेडने कापायच्या, भेगेच्या टोकांना बारीक भोक पाडायचं म्हणजे ती पुढे धावत नाही. मग लवचिक फिलर पातळ थरांत भरून पॉलिश पेपरने घासायचं, वर व्हिनाइलचा रंग. रंगाआधी आयपीएने (आयसोप्रोपाइल अल्कोहोलने) पुसून घ्या, कारण पूर्वी सिलिकॉनचं पॉलिश मारलेलं असेल तर त्यावर रंग धरत नाही. तरी जवळून पाहिलं की जोड कळतोच.

फोम संपला असेल तर डॅशबोर्ड बाहेर काढून जुना थर खरवडायचा, नवा फोम, वर रेक्झिन. रेक्झिन चारी बाजूंनी ताणणारं घ्या, सीटचं नको. चिकटवायचं सोल्युशनही उन्हाला टिकणारं हवं. मीटरच्या खाली जो खळगा असतो तिथे ताणून बसवलेलं रेक्झिन हमखास सुटतं, म्हणून मी तिथे शिवण देतो. कारागिराला हेच विचारा: खळग्यात शिवण देणार का? "एका तुकड्यात बसवतो" म्हणाला तर दुसरीकडे जा. आणि रंग मॅटच घ्या. चकचकीत घेतलात तर संध्याकाळी वाशी खाडीपुलावरून मुंबईकडे जाताना समोरच्या उन्हात काचेत डॅशबोर्डच दिसत राहील.

नेरुळची_कॉन्टेसा:
दाबून बघितलं. डावीकडे वर येतो, मीटरच्या बाजूला खड्डा राहतो आणि करकरतो. अर्धाच करता येईल का दादा?

कुशनवाला_वागळे:
अर्धा करू नका, जुन्या-नव्याचा पोत जुळणार नाही. पूर्ण काढा. आधी बॅटरीचं टर्मिनल सोडायचं, प्रत्येक कनेक्टरचा फोटो काढून टेपवर नंबर टाकायचे. मीटरची केबल ओढू नका, नट फिरवून सोडा. एवढ्या जुन्या गाडीतल्या क्लिपा ठिसूळ असतात, थोड्या जास्तीच्या जवळ ठेवा. जुन्या कातडीचा सावलीतला तुकडा जपून ठेवा, त्याच्याशी रेक्झिनचे दाणे जुळवता येतील.

ऐरोलीकर:
इतर वाचणाऱ्यांसाठी: डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असेल तर वरून काही चिकटवू किंवा शिवू नका. ती फाटून बाहेर यायची जागा बंद होते.

नेरुळची_कॉन्टेसा:
धन्यवाद दादा. पूर्ण काढूनच करते, शिवणीचं विचारूनच गाडी देईन. तुकडा ग्लोव्हबॉक्सच्या आतल्या बाजूचा कापला, तिथे रंग अजून मूळचा आहे.