थंडीतल्या ट्रेकसाठी थांबल्यावर घालायचं जॅकेट: डाऊन (पिसांचं) घेऊ की सिंथेटिक (कृत्रिम तंतूंचं)?

मंडळी, जरा मदत करा, वाचून वाचून डोक्याचा भुगा झालाय. सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन काही दिवस चालायचं आणि तंबूत राहायचं असा बेत आहे. दिवसा शून्याच्या थोडं वर, रात्री उणे १० पर्यंत असं धरून चाललेय. नुसती कोरडी थंडी असती तर विचारलंच नसतं, पण दुपारी ओला बर्फ पडायची बरीच शक्यता आहे आणि सगळं तिथेच अडलंय.

आत्ता अंगाला लागून पातळ मेरिनो लोकर (कॉटन नाहीये, त्यावर लेक्चर नको), वर १०० वेटचं, म्हणजे पातळ फ्लीस आणि बाहेरून वॉटरप्रूफ शेल (पाऊस-वारा अडवणारं बाहेरचं जॅकेट), २०,००० मिमी पाण्याचा दाब सोसणारं, काखेत झिप असलेलं. चालताना हे पुरतं, उलट चढ लागला की फ्लीस काढावंच लागतं नाहीतर घामानेच आतून भिजायला होतं.

खरी पंचाईत थांबल्यावर. एक पर्याय ८०० फिल पॉवरचं (पिसं किती फुगतात त्याचं माप) डाऊन, ३५० ग्रॅमच्या आसपास, दाबलं की सॅकमध्ये कुठेही मावतं. पण ओलं झालं की पिसांचे गोळे होतात, फुगवटा जातो आणि ऊबही जाते. सिंथेटिक तेवढ्याच उबेसाठी जड आणि ढब्बं, शिवाय सारखं दाबून दाबून काही वर्षांत बसतं, पण दमट झालं तरी बऱ्यापैकी काम करतं. आणि ओल काय फक्त वरून येते का, आपला घाम असतो, रात्री श्वासाची वाफ तंबूच्या कापडावर गोठते आणि सकाळी तंबू हलला की अंगावर झडते.

आता हे जॅकेट शेलच्या आत घालायचं की वरून? आत घालायचं तर वाऱ्यात उभं राहून आधी शेल काढा, मग जॅकेट, मग परत शेल, आणि शेल घट्ट असेल तर फुगवटा दाबला जातो तो वेगळाच. वरून चढवलं तर काम पटकन होतं पण ओल्या शेलची ओल थेट जॅकेटला लागणार, म्हणजे मग सिंथेटिकच आलं ना, तेही एक साइझ मोठं? वॉटर रेपेलंट (पाणी झटकणारी) ट्रीटमेंट केलेलं डाऊन असल्या ओल्या बर्फात रोज वापरून कुणी पाहिलंय का, खरंच फरक पडतो की नुसती जाहिरात?

जाड फ्लीस घे म्हणून सांगू नका प्लीज, त्यातून वारा आरपार जातो आणि सॅक निम्मी भरते.

हो, एक राहिलं, स्लीपिंग बॅगचं कम्फर्ट रेटिंग (ज्या तापमानापर्यंत आरामात झोपता येतं ते) उणे ५च आहे, त्यामुळे रात्री हेच जॅकेट घालून बॅगेत शिरणार आहे. दिवसभर दमट झालेलं सिंथेटिक घालून झोपलं तर ते अंगाच्या उबेने सकाळपर्यंत वाळतं की ती सगळी ओल बॅगेत उतरते? माझी बॅग डाऊनची आहे.