कटप्पा सेनापती की सालगडी?

गोदाकाठ: परवा एकानं लिहिलं, "सेनापती असावा तर माहिष्मतीच्या कटप्पासारखा. सिंहासनाचा शब्द म्हणजे शब्द." खाली बदामांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून लिहितोय. ‘बाहुबली’ पिच्चरमध्ये बाहुबली ज्याला मामा म्हणायचा, त्याच कटप्पानं हुकूम आला म्हणून मागून तलवार खुपसली. का, तर पूर्वजांनी सिंहासनाला दिलेला गुलामीचा शब्द! माझे आजोबा सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं, उचल फिटायची नाही, पुढच्या पाडव्याला पुन्हा तोच वाडा. मालक चारचौघांत म्हणायचा, "लई इमानदार गडी." आजोबा घरी येऊन भाकरी पाठमोरे बसून खायचे.

माजी सुभेदार: फौजेला सालदारी म्हणायलाव तुम्ही? अठरा वर्षं काढलीत मी. हुकूम चाळत बसलं तर चौकी राहत नसते. आणि राजमाता शिवगामी सरळ म्हणाली होती, तू मारतोस का मी मारू. सांगा, काय करायचं होतं त्यानं?

गोदाकाठ: बाहुबलीची बायको देवसेना पंचवीस वर्षं साखळदंडात, हा राखणीला. वा!

माजी सुभेदार: पिच्चर नीट बघा. सोडवायला तोच गेला होता, तीच नको म्हणाली.

गोदाकाठ: बरं, तेवढं तुमचं. पण गुलामाचा सेनापती बघायचाय तर आपल्या मलिक अंबरला बघा. विकला गेलेला हबशी. १६०० साली परांड्यात मुर्तजाला निजामशाहीच्या गादीवर बसवलं. १६२४ ला भातवडीत तलाव फोडून मुघल-आदिलशाही फौज चिखलात घातली.

परांडेकर: त्याच मुर्तजाचा पुढं काटा काढला, ते कोण लिहिणार? तुमचा स्वाभिमानी सेनापती!

खडकीवाला: ते राहू द्या. अंबरनं १६१० ला खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली, मग डोंगरातून नहर आणली. जमिनीखालून, नुसत्या उतारावर, ना पंप ना वीज. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी, तोही रात्री दोनला. टाकी, ड्रम, घागरी, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवतो. पाणचक्कीही अंबरचीच.

परांडेकर: पाणचक्की अठराव्या शतकातली. अंबर १६२६ लाच गेला.

खडकीवाला: गाईडनं सांगितलंय मला!

परांडेकर: गाईडला विचारा मग, कुकर कधी भरतो.

खडकीवाला: थट्टा करा! टँकरमागं पोराला घेऊन पळा एकदा, मग शतकं मोजा.

गोदाकाठ: धागा कटप्पाचा आहे हो.

माजी सुभेदार: आजोबांचं वाचून गप्प झालो होतो. आमचेही चुलते सालावर होते. पण माझ्या अठरा वर्षांना सालदारी म्हणालात, ते मागं घ्या आधी. मागून वार केला ते चूकच, हुकूम असला तरी. झालं समाधान?

खडकीवाला: नळ आला. मोटर लावतो.