पर्यटन आणि स्थानिकांचा राजकीय कल: मोजायचा कसा?

ऋतुजा: प्रभागनिहाय मतदान आणि पर्यटकांची संख्या ताडून पाहते आहे. जिथे पर्यटक जास्त, तिथे प्रस्थापितांविरोधी मतंही जास्त दिसतात. पर्यटन वाढेल तसा स्थानिकांचा पर्यटकांबद्दलचा दृष्टिकोन कसा बदलतो हे सांगणारी डॉक्सी या अभ्यासकाची १९७५ची शिडी (उत्साह, उदासीनता, चीड, वैर) स्पष्टीकरणाला पुरेल का?

निरंजन: नाही. ती शिडी अख्खं गाव एकाच पायरीवर उभं आहे असं धरते. पर्यटकांना फ्लॅट देणारा मालक आणि त्याच जिन्यावरचा भाडेकरू एकसारखं मत देतील कशाला? मालक, भाडेकरू, पर्यटनातले नोकरदार असे गट वेगळे करा. पर्यटकांच्या संख्येऐवजी एकूण घरांपैकी किती घरं अल्पकालीन भाड्याने जातात ते प्रमाण घ्या. बार्सिलोनात २०१५ साली महापौर झालेल्या अदा कोलाउ घरजप्तीविरोधी चळवळीतून आल्या होत्या; त्यांनी लगेच नव्या हॉटेलांचे परवाने रोखले. पुढे दुसऱ्या पक्षाचे कोलबोनी महापौर झाले, त्यांनी २०२४मध्ये १०,१०१ पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवायचं जाहीर केलं. पक्ष बदलला, पण मुद्दा घरांचाच राहिला.

मृणाल: दोन सापळे आहेत. पर्यटक बहुधा जुन्या मध्यवस्तीत उतरतात आणि तिथला मतदार मुळातच वेगळा असू शकतो. म्हणून पर्यटन वाढण्याआधीची निवडणूक पाया धरा आणि मतांची टक्केवारी नव्हे, तिच्यातला फरक मोजा. दुसरा सापळा जास्त वाईट: भाडं न परवडणारे प्रभाग सोडून जातात, मतदारयादीतून गळतात आणि चीड ओसरल्याचा भास होतो. यादीतून वगळलेली नावं प्रभागवार मोजा. जमलं तर त्याच माणसांना पुन्हा गाठून विचारा. २०२०मध्ये पर्यटन थांबलं, तो नैसर्गिक प्रयोग (परिस्थितीनेच घडवून दिलेली तुलना) वाटतो खरा, पण महामारीने राजकारणच ढवळलं होतं. ते वर्ष टाळा.

निरंजन: सर्वेक्षण करणार असाल तर राजकीय प्रश्न आधी विचारा, पर्यटकांचे नंतर. उलट केलंत तर गर्दीचा राग पुढच्या उत्तरांत उतरतो. ‘ते पर्यटक’ आणि ‘त्यांचं सरकार’ हेही वेगळे प्रश्न हवेत. हाँगकाँगमध्ये चीनच्या मुख्य भूमीतून येणाऱ्या खरेदीदारांवरचा रोष आणि बीजिंगच्या सरकारवरचा अविश्वास इतके मिसळले, की एका प्रश्नात दोन्ही सुटे होणार नाहीत.

ऋतुजा: पक्षांच्या मतांऐवजी पर्यटनाच्या प्रश्नावरच झालेलं थेट मतदान घेतलं तर?

मृणाल: मिळालं तर उत्तमच. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बार हार्बर गावाने २०२२मध्ये क्रूझचे दिवसाला १,००० प्रवासी अशी मर्यादा मतदानाने घातली. अलास्कातल्या जुनोने २०२४मध्ये शनिवारची क्रूझ जहाजबंदी मतदानाने फेटाळली. मात्र असं मतदान तक्रार वाढलेल्या गावांतच होतं. बाकीच्या गावांना त्यावरून निष्कर्ष लावू नका.